मागच्या सीटवरचे हात

दे बघू हात इकडे. अगंबाई, किती उललेत! आणि ही बोटांची टोकं अशी लाल, सुजल्यासारखी का? खाज येते का गं रात्री? येते ना. वाटलंच मला.

निफाडची सून व्हायचं म्हणजे थंडीशी सोयरीक आलीच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात छापून यायचा, तेव्हा आपण इथे पुण्यात चहा पीत नुसतं "बापरे" म्हणायचो. तिकडची माणसं पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, ठिबक सुरू ठेवतात, मणी तडकू नयेत म्हणून. घडांची एवढी काळजी, आणि त्याच बागांच्या कडेने सकाळी साडेसहाला मोटारसायकलवर मागे बसून नाशकापर्यंत जाणाऱ्या तुझ्या हातांची कुणालाच नाही. तुला स्वतःलाही नाही. मघाशी काय म्हणालीस? "मी काय, नुसती बसलेलीच तर असते."

अगं, नुसतं बसण्यातच तर सगळी गोम आहे. जावईबापूंचे हात निदान हलत तरी असतात. क्लच, ब्रेक, गिअर, काही ना काही चालू. तुझे हात तास-सव्वातास एकाच जागी थिजलेले. बोटांत मुळात स्नायू नाहीतच, ती हलतात हाताच्या वरच्या भागातल्या स्नायूंच्या जोरावर. त्यामुळे त्यांची स्वतःची ऊब फार थोडी. वरून रक्त येईल तेवढीच. आणि शरीर फार आपमतलबी असतं बरं. छाती-पोट गार पडू लागलं की ते पहिल्यांदा बोटांकडच्या रक्तवाहिन्या आखडून घेतं. म्हणजे हात गार पडतात त्याचं एक कारण तुझा तो बिनबाह्यांचा स्वेटर आहे. चांगला बाह्यांचा स्वेटर घाल, त्यावर वारा न शिरणारं जर्किन, गळ्याला मफलर. काही नसेल त्या दिवशी वर्तमानपत्राची दोन पानं जर्किनच्या आत छातीवर घाल. हसू नकोस, जुने मोटारसायकलवाले हेच करायचे.

आता विज्ञानाच्या बाईला बहीण म्हणून जन्माला घातलंय, तर आकडेही ऐक. हवा ८ अंश असेल आणि गाडी पन्नासच्या वेगाने चालली असेल, तर उघड्या कातडीला ती जेमतेम ३ अंश असल्यासारखी लागते. थंडी तेवढीच, पण अंगालगतचा उबदार हवेचा थर वारा सारखा ओरबाडून नेत राहतो. त्यात चांदोरीकडे गोदाकाठची ओल, धुकं.

म्हणून मला सांग, तू हात कुठे ठेवतेस? त्याच्या खांद्यावर. माहीत होतं मला. अगं वेडे, सबंध गाडीवर मागे बसणाऱ्याच्या हातांना याहून वाईट जागा नाही! त्याच्या पाठीचा आडोसा तुझ्या अंगाला मिळतो आणि हात मात्र तू वर उचलून वाऱ्यात धरतेस. दुसरा हात मागच्या कडीवर, म्हणजे गार लोखंडावर. मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्याला धरायला काहीतरी असावं आणि पदर चाकात जाऊ नये म्हणून जाळी असावी, एवढा विचार केलाय बरं का. थंडीचा विचार आपला आपण करायचा.

हात खाली घे. त्याच्या कमरेशी, दोन्ही बाजूंनी, जर्किनच्या खिशांत. तिथे वारा नाही, वर त्याच्या अंगाची ऊब. लाजतेस कसली? सासूबाई काय म्हणतील? त्यांनाही थंडी माहीत आहे. आणि साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसलीस तर हे जमत नाही, एकच हात पुढे पोचतो. सलवार घाल, दोन्ही बाजूंना पाय टाकून बस, साडी शाळेत जाऊन नेस. स्वतःच्या खिशात मात्र हात घालून बसू नकोस. करकचून ब्रेक लागला तर धरशील कशाला?

हातमोज्यांचं सांगते. बाजारातले पाच बोटांचे घट्ट मोजे तू घेऊन ठेवलेत ना? ते गाडी चालवणाऱ्याचे. त्याला क्लच दाबायचा असतो, तुला काय दाबायचंय? बाळाला आपण घालतो तसे मोजे घे, अंगठा वेगळा आणि चारही बोटं एकाच पिशवीत. बोटं एकमेकींना ऊब देतात. मागे बसणाऱ्याचं एवढं एकच सुख, ते तरी घे! आत पातळ सुती मोजा, त्यावर लोकरी, आणि वर वारा अडवायला काहीतरी. दुधाची धुतलेली पिशवी दोन मोज्यांच्या मधे घातली तरी चालते, थोडा घाम येतो इतकंच. पण सगळं सैल हवं. आवळलं की रक्त अडतं, मग लोकर कितीही जाड असो.

मनगट उघडं ठेवू नकोस. तिथे नाडी कातडीच्या अगदी जवळून जाते. जुन्या पायमोज्याचा पंजा कापून वरची नळी मनगटावर चढव. बांगड्या पर्समध्ये ठेव, त्यांच्यामुळे बाही नीट बसत नाही. अंगठीही. गारठ्यात बोटं बारीक होतात, माझी साखरपुड्याची अंगठी अशीच मोजा काढताना लासलगावच्या रस्त्यावर कुठेतरी गेली. घरी महिनाभर सांगितलं नव्हतं मी.

पोचल्यावर हात बधिर असतील तर सायलेन्सरजवळ नेऊ नकोस, शेकोटीवरही धरू नकोस. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. काखेत धर, कोमट पाण्यात बुडव. मग ठणकतील, ते रक्त परत येतंय म्हणून. बोटं आधी पांढरीफटक, मग निळी, मग लाल होत असतील आणि घरात गार पाण्यातही तसंच होत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखव. रेनॉड नावाचा त्रास असू शकतो, बायकांत जास्त दिसतो. सोबत थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घे, तुला वर्षानुवर्षं सगळ्यांच्या आधी थंडी वाजते.

आणि त्याला सांग, "थांबा, हात गेले." वाटेत एक चहा. कप दोन्ही हातांत धरून प्यायचा. पाच मिनिटांनी शाळा काही बुडत नाही.

थांब, उठू नकोस. हा हात या कागदावर ठेव. बोटं मिटून, अंगठा बाजूला. लोकर मरून रंगाची आहे, चालेल ना? हलवू नकोस गं, पेन्सिल फिरवतेय.