गर्भपातानंतरचे गरोदरपण : लपविण्याची नव्हे, जपण्याची अमानत



गर्भ आपोआप गळून पडला तरी मराठीत त्यास 'गर्भपात' म्हणतात आणि तो औषधाने किंवा शस्त्रक्रियेने काढला तरी 'गर्भपात'च म्हणतात. शब्द एकच असल्याने समाजाची नजरही एकच होते : दोष या स्त्रीचाच असणार. म्हणून तिला पुन्हा दिवस जातात, तेव्हा दोन गोष्टी तिचे तोंड बंद करतात. एक, मागील प्रसंगाची लाज. दुसरी, 'तीन महिने होईपर्यंत कोणास सांगू नये, नजर लागते' हा आपल्याकडे अनेक घरांत पाळला जाणारा संकेत. वास्तविक बाळाचा मेंदू, पाठीचा कणा आणि हृदय यांची मूळ घडण याच तीन महिन्यांत होते. ज्या काळात काळजी सर्वाधिक हवी, तोच काळ लपविण्यात जातो.

दोष कोणाचा?

सूरह हज्जच्या पाचव्या आयतीत मानवाच्या निर्मितीचे टप्पे सांगताना आकारास आलेल्या आणि आकारास न आलेल्या अशा दोन्ही मांसपिंडांचा उल्लेख आहे. गर्भाशयात काय आणि किती मुदत ठेवायचे, हे अल्लाहच्या इच्छेवर आहे, असेही तेथेच स्पष्ट केले आहे. वैद्यकशास्त्रानुसार पहिल्या तीन महिन्यांत आपोआप होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तो आईच्या चालण्या-फिरण्याने किंवा कोणाच्या नजरेने येत नाही. एकदा असे झालेल्या बहुतेक स्त्रियांचे पुढील गरोदरपण सुखरूप पार पडते. म्हणून सुनेला टोमणे मारणे हा अन्याय आहे.

गर्भ जाणूनबुजून पाडण्याचा प्रश्न वेगळा आहे. गर्भाला 120 दिवस झाल्यानंतर, आईचा जीव वाचविण्याखेरीज, तो पाडणे हराम असल्याविषयी फिक्हशास्त्रींमध्ये एकमत आहे. त्याआधीही सबळ कारणाविना ते योग्य नाही. ज्या म्हैसाळच्या योजनेचे पाणी आपल्या तालुक्याला मिळते, त्याच म्हैसाळमध्ये मार्च 2017 मध्ये बेकायदा गर्भपातात एका विवाहितेचा मृत्यू झाल्यावर तपासात 19 भ्रूण सापडले होते. जिवंत पुरलेल्या मुलीला कोणत्या अपराधासाठी मारले, असा प्रश्न कयामतच्या दिवशी विचारला जाईल, हे सूरह तकवीर आपल्याला बजावते. हा प्रश्न दबाव आणणाऱ्या घरालाही आहे, केवळ त्या बाईला नाही. मात्र तौबाचे दार उघडे आहे. मागे काहीही घडले असले, तरी आज पोटात असलेल्या जिवाचा हक्क त्यामुळे कमी होत नाही.

डॉक्टरांपासून लपवू नका

आपले पाप चारचौघांत सांगत फिरू नये, ही इस्लामची शिकवण आहे. तथापि उपचारासाठी डॉक्टरांना सांगणे म्हणजे पापाची जाहिरात नव्हे. ते अमीन आहेत आणि गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन कायद्यानेही त्यांच्यावर आहे. मागील गर्भपात कितव्या महिन्यात झाला, गोळ्या घेतल्या होत्या की पिशवी साफ केली होती, नंतर ताप किंवा फार रक्तस्राव झाला होता का, हे न लपविता सांगावे. रक्तगट अवश्य तपासावा. आई आर-एच निगेटिव्ह असेल आणि मागील वेळी अँटी-डी इंजेक्शन दिले गेले नसेल, तर पुढील बाळाला धोका संभवतो. दोन किंवा अधिक वेळा गर्भ गळाला असेल, तर थायरॉइड, मधुमेह आदी तपासण्यांविषयी विचारावे.

आधी उंट बांधा

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उंट बांधून मग अल्लाहवर विसंबण्यास सांगितले, तसेच आजारावर उपचार करण्याचाही आदेश दिला. तावीज बांधून दवाखाना टाळणे हा तवक्कुल नव्हे. पाळी चुकताच आशाताईंना कळवून बारा आठवड्यांच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जतच्या ग्रामीण रुग्णालयात नोंदणी करावी. फॉलिक अ‍ॅसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी पहिले तीन महिने रोज घ्यावी. शक्यतो ती दिवस जाण्यापूर्वीच सुरू करावी. लोहाच्या गोळ्या साधारणतः चौथ्या महिन्यापासून देतात.

आहार साधाच असावा : ज्वारीची भाकरी, डाळ, मोडाची मटकी, पालेभाजी, अंडी, उकळलेले दूध. रक्त वाढावे म्हणून कलेजी वारंवार खाऊ घालू नये; तिच्यातील अति 'अ' जीवनसत्त्व गर्भास अपायकारक ठरू शकते. मिश्री लावणे सोडावे, कारण तो तंबाखूच आहे. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत फवारणी चालू असताना जाऊ नये. टँकर आल्यावर भरल्या घागरी पतीने किंवा दिराने उचलाव्यात. पण सतत अंथरुणावर पडून राहिल्याने गर्भ टिकतो, असेही नाही. हलके काम चालू ठेवावे.

रक्त दिसल्यास

येथे अनेक भगिनींची गफलत होते. हनफी मतानुसार गरोदरपणातील रक्त हे मासिक पाळीचे नसून इस्तिहाजाचे असते. त्यामुळे नमाज माफ होत नाही. स्राव सतत असेल, तर प्रत्येक नमाजच्या वेळी नवा वुजू करावा. उभे राहणे जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर पडून नमाज अदा करावी. शाफई पंथात याविषयी वेगळे मत आहे; त्या भगिनींनी आपल्या आलिमांना विचारावे. मात्र नमाजच्या मसल्याआधी दवाखाना गाठावा. रक्तासोबत पोटात एका बाजूला तीव्र वेदना होत असतील किंवा चक्कर येत असेल, तर गर्भ नळीत राहिल्याची शक्यता असते. अशा वेळी 108 क्रमांकावर फोन करावा, सकाळची वाट पाहू नये.

रमजानमध्ये स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाला अपाय होण्याचे भय असेल, तर गरोदर स्त्रीस रोजा सोडण्याची सवलत आहे. नंतर कजा करावी. सवलत घेणे हे ईमानाचे दुर्बलपण नव्हे.

सूरह लुकमानमध्ये आईने अशक्तपणावर अशक्तपणा सोसून मूल वाहिल्याची आठवण अल्लाहने मुलांना करून दिली आहे. जिचे एक मूल जगात आलेच नाही, तिनेही तो अशक्तपणा सोसलेला असतो. तिचे दुःख घराने मान्य करावे, तिच्यासोबत तपासणीला जावे आणि हजरत जकरिया (अ.) यांच्याप्रमाणे नेक संततीसाठी दुआ करावी. अल्लाह प्रत्येक आईची कूस सुखरूप ठेवो. आमीन.