इंग्रजी जोडशब्द : अवयव आणि आघात



आपली मुले इंग्रजी व्याकरणात कमी नाहीत. पण मुलाखतीत उच्चार चुकेल या भीतीने गप्प बसतात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. म्हणून हा छोटासा धडा.

अवयव मोजताना स्वरांची अक्षरे न मोजता ध्वनी मोजावेत. 'ग्रीनहाउस'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये स्वरांची अक्षरे ५ आहेत. अवयव मात्र २ : ग्रीन-हाउस. 'हाउस'मधील जोडस्वर एकच धरावा. 'न्यूजपेपर'चे अवयव ३ : न्यूज-पे-पर.

आता आघात. मराठीत आपण प्रत्येक अक्षर जवळपास सारख्याच जोराने उच्चारतो. इंग्रजी जोडशब्दात मुख्य आघात बहुधा पहिल्या भागावर येतो. 'ग्रीन'वर जोर दिला तर रोपांचे काचघर; 'हाउस'वर अधिक जोर दिला तर हिरव्या रंगाचे घर. तसेच 'ब्लॅक'वर जोर दिला की 'ब्लॅकबोर्ड' म्हणजे वर्गातील फळा, मग त्याचा रंग हिरवा का असेना! 'ॲपल पाय'सारखे काही अपवाद आहेत. तेथे जोर दुसऱ्या भागावर असतो.

रोज पाच जोडशब्द घ्यावेत, आघाताच्या जागी टाळी वाजवून मोठ्याने म्हणावेत. चुकलेला उच्चार सुधारता येतो. गप्प बसून गेलेली संधी परत येत नाही.