मोहोळाजवळ ड्रोन नेण्याआधी

वाशिम जिल्ह्यातल्या केनवडसारख्या गावात ड्रोन आता नवलाचा राहिलेला नाही. लग्नाच्या वरातीवर तो घिरट्या घालतो, यात्रेत दिसतो, आणि हौसेने घेतलेला छोटा ड्रोन पोरं बंधारा, गावची पाण्याची टाकी, शिवेवरचा जुना वड टिपायला वर पाठवतात. अडचण अशी, की हीच ठिकाणं आग्या माशीलाही आवडतात. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहते. आग्या माशी मात्र उंच फांदीला किंवा टाकीच्या स्लॅबखाली एकच भलंमोठं पोळं उघड्यावर टांगते, कधी कधी मीटरभर रुंदीचं. त्याला ना दार, ना भिंत. हजारो माश्या अंगाला अंग लावून पोळ्यावर जे पांघरूण धरतात, तेवढाच काय तो आडोसा. म्हणूनच ही माशी चिडली की एकटी चिडत नाही आणि लांबवर पाठलाग करते. माझं म्हणणं असं, की ड्रोन आणि मोहोळ यांची गाठ पडली तर उडवणारा बहुधा दूर असतो आणि सुटतो. सापडतात ते मोहोळाखालचे: झाडाच्या सावलीत भाकर सोडून बसलेल्या निंदणाऱ्या बाया, खुंट्याला बांधलेले बैल, टाकीजवळ खेळणारी मुलं. त्यामुळे ड्रोन तिथे न्यायचा की नाही, हे ड्रोनच्या किमतीकडे पाहून नव्हे, या जिवांकडे पाहून ठरवायला हवं.

माश्या ड्रोनवर का धावून जातात, हे समजून घेणं गरजेचं आहे, कारण त्याबद्दलच्या चुकीच्या समजातून खोटा धीर येतो. आग्यामोहोळ लांबून न्याहाळलं तर पोळ्यावरून मधूनच एक चकाकती लाट सरकताना दिसते. माश्या एकीपाठोपाठ एक आपलं पोट झटक्यात वर उचलतात आणि सेकंदाच्या आत ती लाट पोळ्यावर पसरते. ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठाचे गेराल्ड कास्टबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळमधल्या मोहोळांचं चित्रण केलं आणि २००८ साली दाखवून दिलं, की गांधीलमाशीला पोळ्यापासून दूर ठेवण्याचं काम ही लाट करते. म्हणजे हा इशारा आहे. मोहोळावर झडप घालणाऱ्या मोहोळ घारीसारखा मोठा शत्रू आला, की मग इशाऱ्यावर भागत नाही, माश्या थव्याने सुटतात. आता ड्रोन काय करतो ते पाहा. आभाळाच्या उजेडासमोर एक काळपट वस्तू पोळ्याच्या उंचीवर येते, जवळ सरकते, एकाच जागी तरंगते आणि पंख्यांचा वारा पोळ्यावर सोडते. चांगलं दृश्य मिळावं म्हणून चित्रण करणारा जे जे करतो, ते सगळं माशीच्या दृष्टीने शिकाऱ्याचं वागणं आहे.

पुष्कळांना वाटतं, की सारा दोष आवाजाचा आहे आणि कमी आवाजाची पाती लावली की काम भागलं. दोन पात्यांचा पंखा मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल, तर त्याची थरथर सेकंदाला दोनशेच्या घरात जाते आणि मधमाशीचे पंखही साधारण त्याच पट्टीत हलतात, हे खरं. पण माशीला आपल्यासारखे कान नाहीत. हवेतली हालचाल ती मिशांनी टिपते, तीही अगदी जवळून. त्यामुळे माझ्या मते आवाजापेक्षा ड्रोनची जवळीक, त्याचं तरंगणं आणि त्याचा वारा जास्त घातक आहेत. पाती शांत झाली तरी यातलं काहीच कमी होत नाही.

दुसरा खोटा धीर थव्याबद्दलचा. जागा बदलताना फांदीवर विसावलेल्या थव्याजवळ अंडी नसतात, पिल्लं नसतात, साठवलेला मध नसतो. राखायला काहीच नसल्याने तो बसलेल्या मोहोळाइतका तापट नसतो. हे बरोबर आहे. मात्र मोबाइलच्या पडद्यावर फांदीला लोंबणारा काळा घोस पाहून तो विसावलेला थवा आहे की भरलेलं मोहोळ, हे सांगता येत नाही. माश्यांच्या पांघरुणाखालचं पोळं दिसतच नाही आणि खात्री करायला जवळ जाणं हीच तर चूक. उडता थवा ड्रोनच्या वाटेत आला, तर प्रकरण आणखी बिघडतं. पात्यांनी माश्या कापल्या जातात, आणि चिरडलेल्या माशीतून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. हा वास म्हणजे इतर माश्यांना हल्ल्याची हाक.

इथे एक गोष्ट मी जोर देऊन सांगेन. बहुतेक ड्रोनना आपोआप परत येण्याची सोय असते. बटण दाबलं, संपर्क तुटला किंवा बॅटरी उतरली, की तो जिथून उडाला तिथे परतू लागतो. ती जागा म्हणजे वऱ्हाडाचा मांडव, शाळेचं मैदान, लोकांचा घोळका. मागे लागलेल्या माश्या आणि पात्यांना चिकटलेला वास घेऊन तो नेमका माणसांत उतरतो. घाबरलेला हात त्याच बटणाकडे जातो, म्हणून उड्डाणाआधीच मनाशी पक्कं करावं: माश्या मागे लागल्या तर ड्रोन मोहोळापासून आणि माणसांपासून दूर, मोकळ्या रानात नेऊन उतरवायचा आणि तिथेच सोडायचा. अंधार पडल्यावरही तो आणायला जाताना जपून जावं, कारण आग्या माशी चांदण्या रात्री उडते आणि चिडलेली असली तर दिव्याच्या उजेडाकडे झेपावते. रात्रीच्या लग्नात दिवे लावलेला ड्रोन मोहोळाच्या झाडाजवळ नको, त्याचं कारणही हेच.

यावर कोणी म्हणेल, आम्ही कितीदा जवळून उडवला, काही झालं नाही. झालं नसेलही. पण मोहोळाचा स्वभाव रोज सारखा नसतो. आदल्या दिवशी कोणी दगड मारलेला असतो, सकाळी घारीने पोळं तोडलेलं असतं, धूर लागलेला असतो. कालच्या शांततेवरून आजचा अंदाज बांधता येत नाही. कोणी कायद्याचा आधार घेईल. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन उडवणाऱ्याला चालकाचा परवाना लागत नाही, आणि धंद्यासाठी नसेल तर दोन किलोपर्यंतही लागत नाही. मात्र परवाना लागत नाही, याचा अर्थ जबाबदारी नाही असा होत नाही. कुठल्या झाडाला मोहोळ लागलं आहे, हे दिल्लीतल्या सरकारी नकाशावर दिसणार नाही. ते गुराख्याला माहीत असतं, कोतवालाला माहीत असतं. आग्या माश्या मोसमागणिक स्थलांतर करतात आणि अनेकदा त्याच झाडावर परततात, त्यामुळे जुन्या माणसांना विचारलं तर नेमकी झाडं कळतात. अशा झाडापासून निदान शंभर मीटर लांब राहावं, असं मी सुचवेन.

मग मोहोळच जाळून टाका, असंही सुचवलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. वाशिमच्या या पट्ट्यात कांद्याचं बियाणं घेणारे शेतकरी आहेत. कांद्याच्या गोंड्यातल्या प्रत्येक फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेणारं कोणी नसेल, तर गोंडा भरून दिसतो आणि आत बी पोचट राहतं. ते काम मुख्यतः माश्या करतात. दोन मिनिटांच्या चित्रफितीची वाट मोकळी व्हावी म्हणून बियाण्याचा आधार जाळणं हा कुठला हिशेब?

आणि तरीही मोहोळ उठलंच, तर हात झाडत उभं राहू नये. तोंड कापडाने झाकून सरळ पळावं आणि बंद खोलीत किंवा काचा चढवलेल्या गाडीत शिरावं. विहिरीत उडी मारू नये, माश्या पाण्यावर घोंगावत राहतात. जमलं तर जनावरांची दावी सोडावीत. डंख मागे राहतो आणि त्याची पिशवी विष सोडत राहते, म्हणून तो नखाने किंवा कशानेही लगेच खरवडून काढावा. ओठ-जीभ सुजली, दम लागला, चक्कर आली, तर एकच डंख असला तरी १०८ ला फोन करावा. अशा वेळी ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं. डंख खूप असतील तर माणूस बरा वाटला तरी दवाखान्यात न्यावा. विषाचा परिणाम मूत्रपिंडावर एक-दोन दिवसांनीही दिसतो. लघवी कमी झाली किंवा चहासारखी गडद झाली, तर रिसोड किंवा वाशिमच्या रुग्णालयात त्याच दिवशी दाखवावं.