फळीवरचा गणपती

अगं, परवा फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून आता सविस्तर सांगते. तुझ्या पोरानं आरतीत मोठ्यांदा ‘फळीवर वंदना’ म्हटलं, मांडवात हशा पिकला आणि तू त्याला डोळे वटारून गप्प केलंस. तेव्हापासून तो नुसताच टाळ्या वाजवतो म्हणतेस. मला फार वाईट वाटलं गं.

जरा त्याच्या जागी उभी राहून बघ. आपल्या राजुरीच्या घरात स्वयंपाकाच्या खोलीत फळी आहे, तिच्यावर पितळेचे डबे आणि एका कडेला देवाची तसबीर. सुट्टीत येऊन त्यानं ती रोज पाहिली आहे. वंदना म्हणजे नमस्कार, हे शाळेत शिकलाय. मग फळीवरच्या देवाला नमस्कार, असा सरळ अर्थ त्यानं लावला. खरा शब्द ‘फणिवरबंधना’. फणी म्हणजे फणा काढणारा नाग, फणिवर म्हणजे नागांमधला श्रेष्ठ, आणि असा नाग ज्यानं पोटाला बांधलाय तो गणपती. हे त्याला कुणी सांगितलं होतं का? मूर्तीच्या पोटाभोवती नाग कोरलेला असतो, तो एकदा बोट ठेवून दाखव. मग तो शब्द त्याच्या तोंडून कधी निसटायचा नाही.

शिवाय आरतीची चाल बघ. झांजेचा ठोका पडतो तिथं शब्द तुटतो, मग अर्थ तिथं तुटत असो वा नसो. एवढा लांबलचक समास ठोक्यावर दोन तुकडे होऊन येतो, ‘ब’ आणि ‘व’ गलक्यात एकच ऐकू येतात, आणि वीस माणसं वेगवेगळ्या पट्टीत गात असतात. त्यात पोरानं काहीतरी धरून ठेवलं, हेच कौतुक.

आणि मोठी माणसं बरोबर म्हणतात असं समजू नकोस. ‘संकटी’च्या जागी ‘संकष्टी’ म्हणणारी कितीतरी सापडतील. आपल्याकडं ते होणारच. ओझर आणि लेण्याद्री, अष्टविनायकांतले दोन गणपती एकट्या जुन्नर तालुक्यात. दर संकष्टीला कुणी ना कुणी दर्शनाला निघालेलं. कानावर सारखा तोच शब्द. पण ही आरती रचणाऱ्या रामदासांना महिन्यातली एक तिथी अभिप्रेत नव्हती. संकटी म्हणजे संकटात, ते कधीही येवो, तेव्हा पाव असं मागणं आहे. ‘सदना’चं ‘सजणा’ करतात, तेही तसंच. सदन म्हणजे घर. भक्त घरी देवाची वाट बघत थांबलाय. सजणा आला सिनेमाच्या गाण्यांतून. आपण बायका ‘उटी’ची ‘ओटी’ करतो, कारण ओटी भरणं आपल्या हातातलं. उटी म्हणजे अंगाला लावायचा लेप. चंदनाची असते, तशी ही शेंदराची.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो ‘नुरवी’. न उरवी, म्हणजे उरू देत नाही. विघ्नाची बातमीसुद्धा मागे ठेवत नाही असा हा देव. ओझरच्या गणपतीचं नावच विघ्नेश्वर, आपण विघ्नहर म्हणतो. आता ओझरला जाशील तेव्हा हा एक शब्द मनात फोडून म्हण, बघ किती जवळचा वाटतो. आणि विठ्ठलाच्या आरतीतला ‘निढळ’? कुणी त्याचं काय काय करतात! पण निढळाच्या घामाची भाकर आपण रोजच्या बोलण्यात म्हणतो की. निढळ म्हणजे कपाळ. लांबचं बघायला कपाळावर हात धरतात, तशी ती वाट बघणारी आरती आहे. शब्द घरातलाच, फक्त ओळखला नाही.

असं ऐकणं जगभर आहे. सिल्व्हिया राइट नावाच्या अमेरिकन लेखिकेनं लहानपणी आईकडून एका स्कॉटिश सरदाराच्या मरणाचं गीत ऐकलं. त्याला मारून गवतावर टाकलं, या शब्दांतून तिला त्याच्यासोबत मेलेली ‘लेडी मॉन्डेग्रीन’ ऐकू आली. 1954 साली तिनं हार्पर्स मासिकात त्यावर लिहिलं, आणि तेव्हापासून अशा ऐकण्याला मॉन्डेग्रीनच म्हणतात. तिला चुकून ऐकलेलंच मूळ गीतापेक्षा सरस वाटायचं. सिनेमाच्या गाण्यापुरतं मीही ते मानेन. आरतीपुरतं नाही. ज्या देवापुढं आपण रोज उभं राहतो, त्याच्याशी काय बोलतोय हे लेकराला कळायला हवं.

म्हणून असं कर. रात्री त्याला जवळ घेऊन आरतीचं पुस्तक उघड आणि चाल न लावता, गोष्ट वाचावी तसं वाच. रोज एकच कडवं. अडला की विचार, ‘तुला इथं काय ऐकू येतं?’ आधी त्याचं ऐकून घे, मग अर्थ सांग, आणि शेवटी शब्द दुरुस्त कर. पुस्तकावरही आंधळा भरवसा ठेवू नकोस. स्वस्तातल्या पुस्तिकांत छपाईच्या चुका असतात आणि मोबाईलवर तर विचारूच नकोस. दोन पुस्तकं ताडून बघ. कुठं खरोखरच पाठभेद असेल तर आपल्या घरी म्हणतात तोच ठेव, त्यावरून सासरी वाद घालू नकोस.

पुन्हा कुणी हसलं तर मात्र तू त्याच्या बाजूनं बोल. आपल्या शेजारीच आळे आहे. ज्ञानोबांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी तिथं आहे असं आपण मानतो आणि भक्तीनं डोकं टेकवतो. त्या मुलखातल्या माणसांनी एका पोराच्या बोबड्या शब्दावर हसावं, हे मला पटत नाही. तिथल्या तिथं हसून सांग, ‘शिकतोय तो, तुम्हीच सांगा बरं फणिवर म्हणजे काय.’ खवचटपणे नको, मनापासून विचार. ज्यांना माहीत नसेल त्यांनाही कळू दे.

मंत्रपुष्पांजलीचं यंदा मनावर घेऊ नकोस. ती वैदिक संस्कृतात आहे, तिचे संधी फोडायला बैठक लागते. दिवाळीत राजुरीला आलात की आपण दोघी आणि पोरं मिळून बसू. तोवर त्याला पहिली आरती पुरे.