बाटली बिघडली की मुरली?

प्रश्न : ब्रसेल्सहून भाच्याने ओकच्या पिंपात मुरवलेली ‘ग्योझ’ बिअर आणली. पहिल्याच घोटाला तोंड वाकडं झालं. ती खराब झाली असेल का? – एक वाचक, महू

उत्तर : महू तहसिलीतच बिअरचा कारखाना आहे, पण तिथली थंडगार, सौम्य लागर पिणाऱ्याला ग्योझ झोंबणारच. तिचा आंबटपणा हा दोष नव्हे. लँबिक बिअर हवेतल्या यीस्ट-जिवाणूंवर आंबते, पिंपात मुरते. साधारण १, २ आणि ३ वर्षं जुन्या लँबिकचं मिश्रण म्हणजे ग्योझ. ब्रसेल्सची कँटियों ब्रूअरी १९०० पासून हेच करते आहे.

बर्फासारखी गार बिअर चाखण्यात अर्थ नाही, वासच दबतो. १२ अंशांच्या आसपास, वाइनच्या ग्लासात ओतावी. गाळ तळाशीच राहू द्यावा.

आधी नाक. लिंबाची साल, सुकं गवत, अगदी तबेल्याचा वाससुद्धा चालतो. ती ब्रेटॅनोमायसिस यीस्टची करामत. (महूसारख्या छावणीच्या गावात हा वास कुणाला नवा नसावा!) नेलपॉलिशचा भपकारा आला, तर मात्र इथाइल अ‍ॅसिटेट वाढलेलं आहे.

मग छोटा घोट. ताकासारखा आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा, तो हवाच. घशात चरचरला तर अ‍ॅसेटिक, म्हणजे व्हिनेगर. पिंपात हवा जास्त शिरली की ते वाढतं. ओकचा किंचित तुरटपणा शोभतो.

घोट गिळल्यावर लगेच दुसरा घेऊ नये. ‘उंदराचा वास’ म्हणतात तो दोष आम्लात लपतो आणि लाळेने आम्लता उतरल्यावर, काही सेकंदांनी, घशामागे उमटतो.