अर्ज वाचताना मन मऊ, नजर कडक

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. गावातील धर्मादाय न्यासाने मदतीसाठी आलेले संस्थांचे अर्ज तपासायला मला बोलावले आहे. मानधन नाही. सुरुवात कशी करू?

उत्तर : तुमचा अनुभव इथे सोन्यासारखा आहे. आधी कागद पाहा. संस्था 1950च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असल्यास नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्ट एकचा उतारा आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा. उताऱ्यावरील विश्वस्त आणि अर्जावर सही करणारे वेगळे असतील, तर बदल अर्ज दाखल झाला आहे का, ते विचारा.

मग अंदाजपत्रक वाचा. ‘इतर खर्च’ फुगलेला दिसला तर तपशील मागा. सफाईदार भाषेला गुण देऊ नका. वस्तीवरच्या छोट्या मंडळाला अर्ज नीट लिहिता येत नाही, काम मात्र चोख असते. म्हणून एकदा प्रत्यक्ष जाऊन या.

सर्व अर्जांना एकच गुणतक्ता लावा. नात्यातला किंवा ओळखीचा अर्ज आला, तर तसे लेखी कळवून त्या चर्चेतून उठा. नकाराचे कारणही लेखी द्या. पुढचा अर्ज त्यातूनच सुधारतो.