न्यायाधीशपदाची वाट तालुका कोर्टातून जाते

मूल कायद्याकडे वळणार म्हटलं की घरात पहिला प्रश्न निघतो, एलएलबी झाल्यावर पुढे काय? ‘जज्जची परीक्षा’ हे उत्तर आईवडिलांना पटतं, कारण त्यात सरकारी पद आहे, समाजात मान आहे आणि सुरुवातीचं मूळ वेतन ७७,८४० रुपये आहे. पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आणि अनेकांचं गणित बिघडलं. बारावीनंतर पाच वर्षं कायद्याची, वर तीन वर्षं वकिलीची, मग परीक्षा आणि प्रशिक्षण. म्हणजे खुर्चीवर बसेपर्यंत सत्ताविशी उलटणार. ही तीन वर्षं वाया जातील, अशी भीती घरोघरी आहे. माझ्या मते ती चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे कोर्टाचं रोजचं काम पाहिल्यावरच कळतं.

तालुक्याच्या ठिकाणचा दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) बहुधा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतो. एकाच बोर्डावर त्याच्यापुढे जमिनीचे दावे, चेक परत गेल्याच्या तक्रारी, मारामारीचे खटले आणि पोटगीचे अर्ज येतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड किंवा समाजसेवेची शिक्षा देता येते. खुनासारखे गुन्हे सत्र न्यायालयात चालतात, पण त्यातला आरोपीही अटकेनंतर चोवीस तासांच्या आत बहुधा याच न्यायदंडाधिकाऱ्यापुढे आणला जातो. पोलीस कोठडी मागतात तेव्हा तपासाची कारणं खरी आहेत की मागच्याच अर्जातून उतरवली आहेत, हे त्याला तिथल्या तिथे ठरवावं लागतं. त्याच्या एका सहीवर माणसाचं स्वातंत्र्य अवलंबून असतं.

बांधाच्या वादातला दावा घ्या. वादी दाव्यासोबत तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज देतो. कोर्टात त्याला सगळे ‘निशाणी पाच’ म्हणतात. प्रथमदर्शनी बाजू कोणाची, गैरसोय कोणाची जास्त आणि भरून न येणारं नुकसान कोणाचं, या तीन कसोट्या पुस्तकात अर्ध्या पानात संपतात. प्रत्यक्षात सातबाऱ्यावर नाव एकाचं असतं, वहिवाट दुसऱ्याची असते, मोजणीच्या नकाशात हद्द तिसरीकडेच सरकलेली असते आणि प्रतिवादीचा वकील म्हणणं द्यायला मुदत मागत असतो. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, त्यावरून मालकी सिद्ध होत नाही, हे उत्तरपत्रिकेत लिहायला सोपं आहे. पण शेतात पीक उभं असताना आणि कापणी आठवड्यावर आली असताना एकतर्फी मनाई द्यायची की आधी नोटीस काढायची, हा निर्णय घ्यायला खेड्यातली शेती, फेरफाराची भानगड आणि पक्षकारांचे डावपेच माहीत असावे लागतात. पाच-पन्नास अर्ज स्वतः लिहिलेल्या, त्यावर युक्तिवाद केलेल्या आणि काही हरलेल्या वकिलाला ही जाण असते.

निवडीची रचनाही अशीच माणसं शोधते. संविधानाच्या अनुच्छेद २३४ नुसार या पदावरची नेमणूक राज्यपाल लोकसेवा आयोग आणि उच्च न्यायालय यांच्याशी विचारविनिमय करून करतात. बदली, बढती आणि शिस्त मात्र अनुच्छेद २३५ नुसार उच्च न्यायालयाच्या हाती असते. ‘ओळख लागते’ असा समज धरून बसलेल्या पालकांनी हे नीट वाचावं. महाराष्ट्रात एमपीएससी शंभर गुणांची पूर्वपरीक्षा, प्रत्येकी शंभर गुणांच्या दोन लेखी प्रश्नपत्रिका आणि पन्नास गुणांची मुलाखत घेते. निवड झालेल्यांचं प्रशिक्षण उत्तनच्या महाराष्ट्र न्यायिक अकादमीत होतं. उमेदवाराला मराठी सफाईनं लिहिता-बोलता यावी आणि तिचं इंग्रजीत व उलट भाषांतर करता यावं, अशी अपेक्षा आहे. जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी असल्यामुळे ही अट कागदापुरती नाही. साक्षीदाराचं वऱ्हाडी किंवा अहिराणी वळणाचं बोलणं जबाबात अर्थ न बदलता उतरवायचं असतं.

तरीही आक्षेप उरतातच, आणि ते खोटे नाहीत. २००२ मध्ये शेट्टी आयोगाच्या शिफारशीवरून हीच अट काढली गेली होती. हुशार पदवीधर इतर क्षेत्रांकडे वळण्याआधी सेवेत यावेत, हा त्यामागचा हेतू होता. वीस वर्षांनंतर न्यायालयाला तो प्रयोग यशस्वी वाटला नाही. दुसरा आक्षेप पैशांचा आहे. ज्युनियर वकिलाच्या हाती सुरुवातीला फारसं काही पडत नाही आणि घरात कोणी वकील नसेल तर हा काळ जास्तच जड जातो. त्यावर उपाय अपुरे असले तरी आहेत: राहतं घर असलेल्या तालुक्यात वकिली सुरू करणं, न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून काम करणं (हा अनुभवही तीन वर्षांत धरला जातो), किंवा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयात मानधनावर सहायकाची जागा मिळवणं. तिसरा आक्षेप मुलींच्या बाबतीत निघतो, की लग्नाचं वय उलटून जाईल. तो कोर्टानं नव्हे, घरानं सोडवायचा प्रश्न आहे. वकिलीचं प्रमाणपत्र नावापुरतं मिळवता येईल, असंही काही जण सुचवतील. त्यावर किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाची सही आणि न्यायिक अधिकाऱ्याचं पृष्ठांकन लागतं. आणि ते कसंही मिळवलं तरी निशाणी पाचवर हुकूम लिहायची वेळ आली की पोकळपणा उघडा पडतोच.

म्हणून या तीन वर्षांची आखणी आधीच करावी. ज्याच्याकडे दिवाणी आणि फौजदारी दोन्ही काम आहे असा सीनियर निवडावा, दाव्याचा आणि लेखी कैफियतीचा मसुदा स्वतः करून तपासून घ्यावा, उलटतपासण्या बसून ऐकाव्यात आणि संध्याकाळचे दोन तास मूळ कायद्याच्या वाचनाला ठेवावेत. १ जुलै २०२४ पासून तिन्ही फौजदारी कायदे बदलले आहेत, तेव्हा जुन्या नोट्स बाजूला ठेवाव्यात. पात्रता आणि वयाच्या अटी दर वेळी आयोगाच्या जाहिरातीतच पाहाव्यात. पहिल्या प्रयत्नात निवड झाली नाही तरी दार बंद होत नाही: सात वर्षांच्या वकिलीनंतर जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला बसता येतं. या परीक्षेत निवड होणारे थोडे आणि बाहेर राहणारे पुष्कळ, हे मान्य करूनच प्रवेश घ्यावा. पालकांनी मुलाला एकच विचारावं: न्यायाधीश झाला नाहीस तर वकील म्हणून आनंदानं काम करशील का? उत्तर ‘हो’ असेल, तर तीन वर्षांची अट त्याचं काहीच हिरावून घेत नाही. ‘नाही’ असेल, तर त्याला कायदा नको आहे, फक्त पद हवं आहे. आणि हे आठ वर्षांनी कळण्यापेक्षा प्रवेशाच्या अर्जाआधी कळलेलं बरं.